कॉन्फिग फाइल फोडा, पण जपून

मा. संपादक,

सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, तोच ब्लॉक दहा ठिकाणी कॉपी-पेस्ट करायची सवय खरंच सोडायला हवी, कारण एक ठिकाण बदलायचं राहिलं की तिथेच घोटाळा होतो आणि तो सापडता सापडत नाही. अपाची या वेब सर्व्हरच्या २.४ आवृत्तीत मॅक्रोची सोय आहे, साचा एकदा लिहायचा आणि डोमेनचं नाव, फोल्डर एवढंच बदलत वापरायचा.

इनक्लूडचं, म्हणजे कॉन्फिग फोडून एका फाइलमध्ये दुसरी ओढून घेण्याचं, मात्र जपून करा. एसएसएचमध्ये (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचं साधन) एकाच सेटिंगची जी व्हॅल्यू आधी सापडते ती लागू होते, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) साधारणपणे शेवटची, म्हणजे इनक्लूडची ओळ वर आहे का खाली यावर सगळा खेळ, आणि हे नवीन मुलांना कोणी नीट सांगतच नाही! अपाचीत तर 'इनक्लूड-ऑप्शनल' वापरलं आणि फाइलच नसली तरी एरर येत नाही, सर्व्हर आपला चालू. पासवर्ड, गुप्त की (key) असलं काही वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला हे सोयीचं आहे हे मान्य, पण इनक्लूडच्या आत इनक्लूड कृपया नको.

एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरला कॅपिटल टी (-T) ऑप्शन दिला की सगळ्या फाइल्स जोडून पूर्ण कॉन्फिग दिसतं, रीलोडच्या आधी ते एकदा वाचाच.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिन