अभ्यासिकेत बोलायला पण एक खोली द्या

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. गेल्या दोन महिन्यात माझ्या मुलीचे चार इंटरव्ह्यू झाले, चारही घरातनंच, व्हिडिओवर. आमचं घर मंगळवार पेठेत, दोन खोल्या आणि माणसं पाच. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, पण जे डोळ्यानं बघितलं ते लिहावंसं वाटलं, कारण अशी घरं कोल्हापुरात भरपूर आहेत.

पहिला इंटरव्ह्यू तिनं मोबाईलवर दिला. महिनाभर अभ्यास केलेला, आणि बरोबर प्रोजेक्टबद्दल विचारलं तेव्हाच तिच्या आत्याचा फोन आला. तो कट केला तर मीटिंगमधला आवाजच गेला, ही बोलतेय आणि समोरचे दोघं कानाला हात लावून खुणा करतायत. परत आवाज सुरू होईपर्यंत खाली गल्लीत घंटागाडी आली, तिचं गाणं सुरू. शेवटी 'कळवतो' म्हणाले आणि परत काय कळवलं नाही. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. तिला येत नव्हतं म्हणून नोकरी गेली असती तर मी समजू शकलो असतो, पण हे असं जाणं फार लागलं मनाला.

मग पुण्यातल्या भाच्यानं रोज रात्री तिच्याकडनं प्रॅक्टिस करून घेतली. झूमच्या फुकट अकाउंटवर मीटिंग ४० मिनिटात बंद पडते म्हणून दोनदा जोडायचे. खिडकी पाठीमागं असली की तोंड काळं दिसतं, म्हणून टेबल फिरवून खिडकीकडं तोंड केलं. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवला, तेव्हा कॅमेरा डोळ्यासमोर आला. एक गोष्ट मात्र काही केल्या जमत नव्हती, ती स्क्रीनवरच्या माणसाकडं बघून बोलायची आणि पलीकडं वाटायचं की ही मान खाली घालून बोलतेय. तर तिच्या आईनं पाकिटातली लाल टिकली काढून कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवली, म्हणाली हिच्याकडं बघून बोल. त्यानं फरक पडला. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राऊटर बंद पडतो हे पण आमच्या ध्यानात नव्हतं, आता माझा मोबाईल हॉटस्पॉटला तयार ठेवतो, आणि स्पीड बघायचा तर अपलोडचा पण बघायचा, कारण आपला चेहरा आणि आवाज त्यावरनंच जातो.

एवढं सगळं केलं तरी घरातली माणसं कुठं न्यायची? तिसऱ्या इंटरव्ह्यूला माझी आई पाऊण तास जिन्याच्या पायरीवर बसून होती, वय ७४. आत पाणी प्यायला पण आली नाही, पोरीला अडचण नको म्हणून. शेजारच्या काकूंनी कुकर लावायचा थांबवला. शेजारी चांगले आहेत म्हणून निभावलं, पण कितीवेळा लोकांना असं सांगायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडं पेठापेठात अभ्यासिका आहेत, टेबल आहे, लाईट आहे, शांतता आहे. पण तिथं बोलायला बंदी, आणि ती बरोबरच आहे, बाकीची पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतात. म्हणून जिथं जिथं जमेल तिथं एक लहानशी खोली अशी काढा की जिथं दार लावून तासभर बोलता येईल. टेबल, खुर्ची, तोंडावर पडेल असा दिवा, बॅटरीवर चालणारा नेट आणि वेळ लिहून ठेवायला एक रजिस्टर, बास. महापालिकेनं करावं, कॉलेजांनी सुट्टीच्या दिवशी एखादा वर्ग उघडा ठेवावा, पास होऊन गेलेल्या पोरांना पण बसू द्यावं, आणि तालीम मंडळांचे हॉल सकाळी रिकामे असतात त्यांनी पण विचार करावा. गावाकडच्या पोरांना शिकताना राहायला जागा नाही हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगं उभी केली. आत्ताच्या पोरांची अडचण पण जागेचीच आहे, फक्त ती तासाभराची आहे.

कंपन्यांना पण विनंती, आवाज गेला तर फोन करायला एक नंबर आधी देऊन ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. पुण्याला जायचा-यायचा खर्च आणि दिवस वाचतो हे आम्हाला मान्य आहे, व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेऊ नका असं आमचं म्हणणं नाही.

आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा. आमच्या भागातल्या अभ्यासिकेनं अशी खोली काढायची तयारी दाखवली तर टेबल आणि दिव्याच्या फिटिंगचा खर्च मी देतो.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर