बाबांचं इसबगोल, आईची उकड

अनगोळ, बेळगाव
रविवार, दुपार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इथं सगळी खुशाल आहेत. फोनवरच सांगितलं असतं, खरं बाबांना आता एका कानानं नीट ऐकू येत नाही, आणि आई, तू "हां, हां" म्हणत मधेच परड्यात कोंबड्या हाकलायला जातेस. शिवाय यात मापं आहेत. फोनवर सांगितलेली मापं तुझ्यापर्यंत पोचता पोचता मूठ आणि चिमूट होऊन जातात. तेव्हा बाबा, जेवणं झाली की हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

जांबोटीच्या बसच्या कंडक्टरकडं स्टीलचा डबा दिलाय. त्यात पाव आहे. मी घरी केलेला, गव्हाचा कणही नसलेला. आठव्या खेपेला जमलाय. आधीच्या सातांची कथा पुढं येईलच.

आधी मे महिन्यातल्या हुग्गीचं बोलते. तू माझ्यासाठी म्हणून खपलीची हुग्गी केली होतीस. "हा जुना देशी गहू, याचं काही बाधत नाही," असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. मी एक घासही घेतला नाही. तू काही बोलली नाहीस, पातेलं उचललंस आणि गोठ्यात नेलंस. म्हशीनं ताव मारला, खरं तुझी पाठ बघून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी तेव्हा नीट समजावलं नाही, नुसतं "नको गं" म्हटलं. चूक माझी. खपली कितीही जुनी, कितीही चांगली असली तरी शेवटी गहूच. ग्लुटेन तिच्यातही आहे.

हे ग्लुटेन म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, फक्त नाव ठाऊक नाही. माझ्या लग्नात मांडे करायला आलेल्या बाया आठव. पिठाचा गोळा हातावर घेऊन रुमालासारखा पसरत न्यायच्या, कोपरापर्यंत लोंबला तरी फाटायचा नाही, मग अलगद उलट्या खापरावर टाकायच्या. ती जी ओढ, तेच ते. गव्हाचं पीठ पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखी जाळी होते. तांदळाचा गोळा तसा पसरून बघ, टीचभर गेला की फाटतो. म्हणून तर भाकरी थापायची, लाटायची नाही.

माझ्या शरीराला ती प्रथिनं वैऱ्यासारखी वाटतात. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम तीच उचलून घेते. सिलिअ‍ॅक, म्हणजे माझा हा आजार, असलेल्या माणसानं गहू किंवा जव खाल्ला की त्याच्या अंगातली राखण करणारी फौजच त्या लवेवर तुटून पडते. लव झिजते, सपाट होते. मग पालक खा, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, अंगी काही लागत नाही. नऊ वर्षं मी लोहाच्या गोळ्या गिळल्या. एकानं तर "बायकांना असतंच हो" म्हणून वाटेला लावलं. तू मला तेव्हा डब्यात बिटाची कोशिंबीर द्यायचीस आणि मी आळस करते म्हणून रागवायचीस. दोघींचंही चुकलं नव्हतं गं, ते उचलणारंच कुणी आत उरलं नव्हतं.

बाबा, तुमच्यासाठी यातली एक गोष्ट राखून ठेवलीय. हा गव्हाचा दोष आहे हे ठामपणे मांडलं ते विलेम डिके नावाच्या एका डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला संशय आधीपासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळं हॉलंडात उपासमार पडली आणि पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना त्याच्याकडची ही आजारी पोरं सुधारायला लागली, आणि पुढं पाव आला तशी पुन्हा ढासळली. 1950 मध्ये त्यानं त्यावर प्रबंध लिहिला. तुम्ही सातवीला महायुद्ध शिकवायचात तेव्हा ही गोष्ट हाताशी असती तर अख्खा तास रंगला असता.

आता तुमचा प्रश्न मला इथपर्यंत ऐकू येतोय: भाकरीला काय झालंय? काही झालेलं नाही. तांदळाची, ज्वारीची, नाचणीची भाकरी मी दोन्ही वेळा खाते आणि त्यावरच माझं रक्त वाढलं. मला पावाची आठवण येत होती, एवढंच. तुम्ही शाळेच्या कामाला बेळगावला गेलात की कॅम्पातल्या बेकरीतून कागदात गुंडाळलेला पाव आणायचात. रात्रीची शेवटची बस. पिशवीला डिझेलचा वास आणि आत पावाचा. सकाळी आई तव्यावर तूप सोडून तो भाजायची आणि कडेची जाड फोड कुणाची यावरून मी आणि दादा भांडायचो. त्या कडेसाठी हा सगळा खटाटोप.

पहिला पाव नुसत्या ज्वारीचा केला, मैद्याचा करतात तसाच. यीस्टनं आपलं काम चोख केलं, साखर खाऊन वायू सोडला. पण वायू अडवून धरायला जाळीच नाही, सगळा वरच्या वर निघून गेला. वीट झाली. दुसऱ्यात तांदूळ घातला, वीट पांढरी झाली. तिसरा बरा फुगला होता, खरं मला दम निघाला नाही, गरमच कापला. सुरीला खळ चिकटावी तसा चिकटला. चौथ्याला निम्म्यात लाईट गेली. ओव्हनच्या काचेतून तो बसत जाताना बघितला, तळायला टाकलेला पापड फुगताना उलटा बघावा तसा. पाचवा, सहावा, सातवा सांगत बसत नाही. यांनी सगळे निमूटपणे खाल्ले, तेवढं त्यांच्या नावावर लिहा.

जमलं ते तुम्हा दोघांमुळं.

बाबा रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घेतात ना? एकदा पेला तसाच विसरला होता आणि सकाळी त्याची खरवसासारखी थरथरणारी वडी झाली होती, तुम्ही पेला उलटा केला तरी पडेना. मला तेच हवं होतं. तो बुळबुळीत गोळा ग्लुटेनची जागा घेतो, वायू धरून ठेवतो. गुजरात-राजस्थानात पिकणारं इसबगोल तिकडं परदेशातली मंडळीसुद्धा याच कामाला वापरतात, आणि आपण मात्र त्याला एकाच खोलीशी जोडून टाकलंय.

आणि आईची उकड. तांदळाच्या भाकरीला तू आधणात पीठ घालतेस, झाकतेस, मग मळतेस. थंड पाण्यात मळलेली भाकरी चिरते, उकडीची चिरत नाही, कारण उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि पाणी धरून ठेवतो. पावातही तेच. थोडं पीठ आधी उकडून घातलं तेव्हा कुठं फोड वाकवली तरी मोडेना.

आता मापं. आई, वजनकाटा दादानं दिलाय तो माळ्यावरून काढ. तांदळाचं पीठ 150 ग्रॅम, ज्वारीचं 120, साबुदाणा मिक्सरमधून बारीक करून 80. तांदळाच्या पिठातलं 50 ग्रॅम बाजूला काढून त्यावर उकळतं पाणी 150 मिलि ओत, घोट, निवू दे. दुसऱ्या भांड्यात कोमट पाणी 250 मिलि, त्यात 20 ग्रॅम इसबगोल, लगेच हलव, नाहीतर गाठी होतात. दहा मिनिटांत वडी होते. उरलेल्या पिठात 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे साखर, सव्वा चमचा मीठ, दोन पळ्या तेल, एक चमचा व्हिनेगर. उकड, इसबगोल, पीठ सगळं हातानं एकजीव कर. मळायला जाळी नाही, त्यामुळं मळत बसू नकोस. थालीपिठापेक्षा सैल, आंबोळीपेक्षा घट्ट. ओल्या हातानं तेल लावलेल्या डब्यात थाप, कारण याला स्वतःचा कणा नाही, डब्याच्या भिंतीच हव्यात. एकदाच फुगवायचा, दीडपट होईपर्यंत. इथं पावसाळी गारव्यात तासभर लागतो; मी ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवते. दुप्पट होऊ दिलास तर भाजताना मधे खड्डा पडतो. मग 200 अंशांवर तासाला पाच मिनिटं कमी. आणि पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, सुरी लावायची नाही. हे सगळ्यात कठीण.

तांदूळ आपल्या शेतातला, ज्वारी सौंदत्तीकडची. जिल्ह्याचा पश्चिम आणि पूर्व एका डब्यात बसतो, भांडत नाही. (बाबा, हे तुमच्यासाठी.)

ज्वारी मी बाहेर दळत नाही. गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि त्यातलं मूठभर माझ्या पिठात येतं. ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही असा आपल्याकडचा नियम आहे. 20 मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही येणार नाही इतकं, यावरून मूठभर किती ते बघ. म्हणून मी घरघंटी घेतली. म्हणूनच तुझ्या लाकडी काटवटीत मी भाकरी थापू देत नाही, तिच्या भेगांत वर्षांची कणीक बसलीय. आणि हिंगाची डबी एकदा बाबांना वाचायला दे. बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. मला हे समजायला सहा महिने लागले. सहा महिने मी स्वतःच्या आमटीतून गहू खात होते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. बाबा, इथून सावकाश वाचा.

हा आजार रक्तातून चालतो. एकाला असला तर आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहातल्या एकाला निघतो, आणि कित्येकदा पोट अजिबात दुखत नाही. आई, तुझं रक्त माझ्या आठवणीत कधी दहाच्या वर गेलं नाही. मागच्या थंडीत तू न्हाणीत नुसती हातावर पडलीस आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ झालीत. बाबांची साखर निघाली तेव्हा घरातला भात कमी होऊन दोन्ही वेळा चपाती सुरू झाली, त्याला सहा वर्षं झाली. तुझी पोटाची तक्रारही तेव्हापासूनची. या गोष्टी जोडलेल्या असतीलच असं मी म्हणत नाही. वयानंही होतं. पण माझंही "बायकांना असतंच" होतं.

तपासणी साधी आहे, हातातून रक्त काढतात, टीटीजी नावाची. त्यात काही निघालं तरच दुर्बिणीतून बघायचं. तुम्ही दोघांनीही करायची, दादालाही कळवलंय. फक्त एक पाळा: आजपासून धसका घेऊन चपाती बंद करू नका. गहू पोटात नसला तर तपासणी खोटीच चांगली येते. आई, तुझा स्वभाव ठाऊक आहे म्हणून लिहिते, उपास धरू नकोस.

मी शनिवारी येते. रविवारी राहीन, सोमवारी सकाळच्या बसनं तिघं बेळगावला येऊ, संध्याकाळपर्यंत तुम्ही घरी परत. म्हशीचं बघायला शेजारच्या काकींना मीच फोन केलाय, तेव्हा ते कारण चालणार नाही.

पाव दोन दिवसांत संपवा, तिसऱ्या दिवशी कोरडा पडतो. फ्रिजमध्ये नको, तिथं आणखी लवकर कडक होतो. सकाळी तव्यावर तूप सोडून भाज. बाबा, तांदळाचा आहे, साखर चढते, तुम्ही एकच फोड, आणि ती कडेची. कसा झालाय ते खरं सांगा. आई, "बरा आहे" म्हणू नकोस.

डबा तू रिकामा पाठवणार नाहीस. लाडू नकोत. तांदूळ पाठव, जुना.

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, पाव खाल त्या रात्री इसबगोलचा चमचा घेऊ नका. तो सकाळीच पोटात गेलेला असेल.