तंबाखूचा डॉलर, खताची गोणी

लिंबे, मलावी
१० ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर विचारत होतात, सरकार पालटलं तर तिकडे गडबड तर नाही ना. आवाज तुटत होता, म्हणून निवांत लिहितो आहे. गडबड अजिबात नाही. १६ सप्टेंबरला मतदान झालं, २४ला निकाल लागला. राष्ट्राध्यक्ष चक्वेरा हरले आणि ८५ वर्षांचे पीटर मुथारिका ५६ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन परत आले. अधिकृत घोषणेच्या आधीच चक्वेरांनी हार मान्य केली. आई, तू काळजी करू नकोस.

पण लोक इतके का चिडले, हे मला बाबांना सांगायचंच आहे. सगळं पैशाचं प्रकरण आहे, आणि बाबा, तुमचं आयुष्य बँकेत गेलं.

नोव्हेंबर २०२३मध्ये इथल्या रिझर्व्ह बँकेनं डॉलर ११८०च्या आसपास होता तो एका रात्रीत १७०० क्वाचांवर (क्वाचा म्हणजे इथलं चलन) नेला. सगळीकडे ४४ टक्के अवमूल्यन असं छापून आलं. तो आकडा डॉलर किती महागला त्याचा. पगारदाराच्या बाजूनं मोजलं तर क्वाचा सुमारे ३१ टक्क्यांनी उतरला. काल ज्याचा पगार १०० डॉलरइतका होता, त्याचा आज ६९ डॉलरइतका राहिला. १९९१च्या जुलैत रुपया दोन टप्प्यांत उतरवला तेव्हा तुम्ही काउंटरवर होतात. ते दोन्ही टप्पे मिळूनही एवढी घसरण नव्हती. शिवाय इथे त्याआधी, मे २०२२मध्ये, एकदा २५ टक्क्यांचं अवमूल्यन होऊन गेलं होतं.

या देशाला समुद्र नाही. पेट्रोल, डिझेल, औषधं, खत, सगळं शेजारच्या देशांच्या बंदरांवरून येतं आणि डॉलरमध्येच घ्यावं लागतं. डॉलर आणणारं पीक मुख्यतः एकच, तंबाखू. काटोलला काकाजींचा संत्र्याचा बगीचा आठवा. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं आणि इकडे झाडावरच्या मालाचा भाव पडला. एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली की काय होतं ते आपल्या घरानं पाहिलं आहे. इथे अख्ख्या देशाची गत तशी आहे.

चक्वेरांच्या वाट्याला करोना आला, मार्च २०२३चं फ्रेडी चक्रीवादळ आलं, पुढच्या वर्षी दुष्काळ आला, हे खरं. क्वाचा उतरवणं चूक होतं असंही मी म्हणणार नाही. अन्याय झाला तो त्यानंतर. सरकारी दर १७५०च्या आसपास धरून ठेवला, आणि रस्त्यावरचा, म्हणजे काळ्या बाजारातला, डॉलर त्याच्या दुपटीच्या वर गेला.

याचा मार कोणाला बसतो ते आमच्या कारखान्यातल्या फोरमनकडून कळलं. त्याचा मोठा भाऊ कासुंगूकडे तंबाखू पिकवतो. लिलावात बोली डॉलरमध्ये लागते, पण शेतकऱ्याच्या हातात क्वाचा पडतात, तेही सरकारी दरानं. मग तोच शेतकरी खताची गोणी घ्यायला जातो तेव्हा दुकानदार किंमत रस्त्यावरच्या डॉलरवर लावतो, कारण त्याला स्वतःला बँकेतून डॉलर मिळत नाहीत. म्हणजे विकताना एक दर आणि घेताना दुसरा. उन्हातान्हात राबून ज्यानं देशाला डॉलर मिळवून दिला, त्यालाच त्या डॉलरची अर्धी किंमत. मला याचा फार राग येतो, बाबा. आपल्याकडे कापूसवाल्यांचे हाल पाहत मोठा झालो म्हणूनही असेल.

कारखान्यालाही झळ आहेच. प्लास्टिकचा दाणा बाहेरून आणायचा तर बँकेकडे अर्ज करून डॉलरची वाट बघत बसायचं. मशीन उभी राहतात. पेट्रोलच्या रांगांबद्दल फोनवर बोललोच आहे.

आणि नवे अध्यक्ष कोण, तर बिंगू वा मुथारिकांचे धाकटे भाऊ. बिंगूंनी अध्यक्ष असताना नाणेनिधीचा दबाव झुगारून क्वाचा उतरवायला नकार दिला होता. एप्रिल २०१२मध्ये ते वारले, जॉयस बांडा आल्या आणि महिनाभरात डॉलर १६७वरून २५०वर गेला. आता तोच प्रश्न धाकट्या भावापुढे आहे. पीटर स्वतः २०१४ ते २०२० सत्तेत होते. २०१९ची त्यांची निवडणूक न्यायालयानं रद्द केली, कारण निकालपत्रांवर पांढऱ्या शाईनं खाडाखोड सापडली होती. फेरमतदानात ते हरले, आणि आता लोकांनीच त्यांना परत बोलावलं. इथली माणसं गरीब आहेत, पण मत हातचं जाऊ देत नाहीत. याचा मला मनापासून आदर वाटतो.

पुन्हा अवमूल्यन होईल अशी चर्चा कारखान्यात रोज चालते. माझा पगार डॉलरमध्ये ठरलेला आहे, त्यामुळे घरी पैसे पाठवण्यात अडचण येऊ नये. या दिवाळीला मात्र येता येणार नाही.

बाबा, एक काम आहे. मार्च १९९२पासून वर्षभर आपल्याकडेही दोन दर होते ना? निर्यातदाराचे ४० टक्के डॉलर सरकारी दरानं आणि ६० टक्के बाजारभावानं, असं तुम्हीच सांगितलं होतं. मग ते दोन्ही दर एक केले तेव्हा बँकेत काय झालं, महागाई किती भडकली, व्यापारी काय म्हणत होते, हे आठवेल तेवढं लिहून पाठवा. फोरमनला मी ते नीट समजावून सांगणार आहे. त्याच्या भावाला पुढच्या हंगामात तंबाखू लावायचा की सोयाबीन, ते आताच ठरवायचं आहे. पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो.

तुमचा,
धाकटा