मण्यारीचा दंश आणि व्हेंटिलेटरची भीती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की विदर्भाच्या खेड्यांतून मण्यार चावलेले आणि फवारणीतून विषबाधा झालेले रुग्ण नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत आणले जातात. अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केल्यामुळे कळकळीने लिहिते, की ‘व्हेंटिलेटर लावावा लागेल’ असे डॉक्टरांनी म्हणताच ‘आता काही उरले नाही, घरी नेतो’ असे सांगणारे नातेवाईक वाचू शकणारा जीव गमावतात.

मण्यारीचे विष नसांच्या टोकांना निकामी करते. पापण्या मिटतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) लुळे पडते. फुप्फुसे मात्र बहुधा धडधाकट असतात. अशा वेळी श्वासनलिकेत नळी घालून यंत्र ठरावीक मापाची हवा मिनिटाला ठरावीक वेळा दाबाने आत सोडते आणि दाब सुटला की छातीच्या लवचीकपणाने ती आपोआप बाहेर येते. हे माप उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे साधारण 6 ते 8 मिलिलिटर ठेवतात, कारण जास्त हवेने फुप्फुसांना इजा होते. सर्पविषावरची लस (प्रतिविष) रक्तातले विष निष्प्रभ करते, पण नसांची टोके पुन्हा भरून यायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेवढा काळ यंत्राने निभावून न्यायचा असतो. या काळात जंतुसंसर्गाचा धोका असतो, हेही खरेच.

या रुग्णाचे बोट हलत नाही, डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुली आकसत नाही, आणि तरीही गुंगीचे औषध नसेल तर तो सारे ऐकत असू शकतो. म्हणून डोळ्यांत मलम घालताना, कफ ओढताना, कूस बदलताना आम्ही त्याला नावाने हाक मारून काय करतो आहोत ते सांगत असू. त्याच्या उशाशी अंत्यविधीची बोलणी कृपा करून कोणी करू नयेत.

1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओच्या साथीत यंत्रे अपुरी पडली, तेव्हा भूलतज्ज्ञ डॉ. इब्सेन यांच्या पद्धतीने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. आपल्याकडेही तालुक्याहून रुग्ण पाठवताना ॲम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबू शकणारा प्रशिक्षित माणूस सोबत असलाच पाहिजे. आरोग्य विभागाने याची सक्ती करावी आणि आपल्या वृत्तपत्राने ही माहिती पेरणीपूर्वीच ग्रामीण आवृत्त्यांत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नागपूर