लिस्बनमध्ये दुपारचं जेवण चुकवू नका

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

तू आणि तनया लिस्बनला निघालात, म्हणून तिथल्या चांगल्या आणि स्वस्त हॉटेलांची नावं पाठव म्हणालीस. नावं पाठवत नाही. एखादं हॉटेल गाजलं की दोन वर्षांत महागतं आणि दारात रांग लागते. त्यापेक्षा कुठल्याही गल्लीत उभं राहून इथं बसायचं की पुढं जायचं, हे तुला ठरवता आलं पाहिजे. तेवढ्यापुरतं लिहिते.

पहिली गोष्ट वेळेची. दिवसाचं मोठं जेवण दुपारीच करा. तिथल्या नोकरदारांना पगारासोबत जेवणभत्ता मिळतो आणि बरेच जण रोज दुपारी बाहेर जेवतात. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला महाग आणि वाईट घालून चालत नाही, म्हणून गल्लीतल्या छोट्या खानावळी (त्यांना ‘ताश्का’ म्हणतात) दुपारी ‘प्रातू दू दिया’ लावतात. म्हणजे त्या दिवशी केलेले दोन-चार पदार्थ. दाराशी फळ्यावर नाहीतर कागदावर हातानं लिहिलेले असतात. साधारण 9 ते 13 युरोत एक भरलेलं ताट येतं. कुठं त्यातच सूप, एक पेय आणि शेवटची कॉफीही असते. एक युरो म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास धरा. तीच खानावळ रात्री तो फळा उतरवते, पूर्ण मेन्यू हातात देते आणि तेवढ्याच जेवणाला दीडपट बिल होतं.

वेळ सव्वाबारा ते साडेबाराची गाठा. एक वाजला की ऑफिसं सुटतात आणि टेबल मिळत नाही. दीडच्या पुढं फळ्यावरच्या चांगल्या पदार्थांवर काट मारलेली दिसते, कारण एकच मोठं पातेलं केलेलं असतं. तीनला स्वयंपाकघर बंद. चार वाजता ज्या ठिकाणी पूर्ण जेवण मिळतं, ते ठिकाण बहुतेक पर्यटकांच्या भरवशावर चाललेलं असतं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी सुरू होत नाही.

आता जागा. मध्यवर्ती बायशा भागातली रुआ आउगुश्ता आणि रुआ दश पोर्तश द सांतू आंतांव हे रस्ते फिरायला छान आहेत, जेवायला नाहीत. दारात मेन्यू घेऊन उभा राहिलेला, तुम्हाला बघून ‘नमस्ते’ म्हणणारा माणूस दिसला की पुढं चला. पदार्थांचे मोठे रंगीत फोटो, सहा भाषांतला मेन्यू, आणि त्यात पाएया: पाएया स्पेनचा पदार्थ, लिस्बनच्या खानावळीला तो रोज लागत नाही. मेट्रोनं चार-पाच स्टेशनं उत्तरेला जा. सालदान्या ऑफिसांचा भाग, दुपारच्या जेवणाला उत्तम. आरोयुश आणि आलव्हालाद राहत्या वस्तीचे भाग. 28 नंबरची ट्राम जिथं संपते तो कांपू द ओरीकही तसाच. ट्रामचा फेरफटका आणि जेवण एकाच फेरीत होतं. मुख्य रस्त्यावर न थांबता आडव्या गल्लीत वळायचं. टेबलावर कापडाऐवजी कागद अंथरलेला, कोपऱ्यात टीव्हीवर बातम्या, एकटे जेवणारे आजोबा आणि ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घातलेली मुलं असली, की आत जा.

दारावर दरपत्रक लावणं तिथं कायद्यानं बंधनकारक आहे. ते नसेल तर आत पाऊल टाकू नका. असेल तर तीन आकडे बघा: सूप, पाणी आणि कॉफी. साध्या ठिकाणी सूप दोन-तीन युरोला आणि छोटी काळी कॉफी, तिथली ‘बिका’, एक युरोच्या आसपास असते. कॉफीच अडीच युरो असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही. पश्तेलारिया म्हणजे बेकरी-कॅफे. तिथं काही वेळा उभ्यानं काउंटरवर, आत टेबलावर आणि बाहेर फुटपाथवर असे तीन वेगवेगळे भाव असतात. बाहेरचा सर्वांत महाग. बिका उभ्यानंच प्या.

गूगलवर शोधणार असाल तर ‘चांगलं रेस्टॉरंट’ असं टाकू नका. ‘ताश्का’, ‘प्रातू दू दिया’, ‘शुराश्केरिया’ (कोळशावर कोंबडी भाजणारं दुकान) हे शब्द पोर्तुगीजमध्ये टाका. नवे अभिप्राय आधी लावा आणि पोर्तुगीजमध्ये लिहिलेले वाचा. 4.3 असलेली, स्थानिकांनी ‘वाढपी जरा खेकसतो’ म्हणून तक्रार केलेली खानावळ मला 4.9 वाल्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते. फोटोंत कुणी फळ्याचा किंवा बिलाचा फोटो टाकला आहे का बघा, त्यावरून आजचा भाव कळतो. ‘द फोर्क’ ॲपवर रात्रीच्या जेवणाला कधी पन्नास टक्क्यांपर्यंत सूट असते. ती बहुधा पदार्थांवर असते, पेयांवर नाही. आणि टेबल ॲपवरूनच राखून ठेवलेलं लागतं. अटी वाचून घ्या.

बसलात की लगेच, न मागता, पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज टेबलावर येईल. हे ‘कूव्हेर’. फुकट नसतं. पाव-ऑलिव्हचे एक-दोन युरो, पण चीजचा छोटा गोळा चार-पाच युरोंवर जातो, आणि नेमका तोच भुकेच्या वेळी आधी फोडला जातो. कायदा तुमच्या बाजूनं आहे: न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या वस्तूचे पैसे लावता येत नाहीत. म्हणून आल्या आल्या ‘नांव, ओब्रिगादा’ म्हणून परत द्या. कुणी वाईट वाटून घेत नाही. अर्धवट खाल्लंत तर पूर्ण पैसे द्यावे लागतील. पाव मात्र ठेवून घ्या. चांगला असतो आणि सुपाबरोबर लागतोच.

मेन्यूत ‘दोझ’ आणि ‘मैया दोझ’ असे दोन भाव दिसतील. दोझ दोन माणसांची, मैया दोझ म्हणजे अर्धी, एकाला पोटभर. अर्धीचा भाव पूर्णच्या निम्मा नसतो, जास्त असतो. त्यामुळं दोघी एकच पदार्थ खाणार असाल तर एक दोझ सांगून वाटून घेणं स्वस्त पडतं. तनया शाकाहारी, त्यामुळं तुमचं ते जमणार नाही. तू मैया दोझच सांग.

खरा फटका बसतो तो माशांत. मेन्यूवर भावाच्या पुढं ‘किलो’ लिहिलं असेल तर तो ताटाचा भाव नाही. किलोला 45 युरो आणि मासा 600 ग्रॅमचा निघाला, तर एका माशाचे 27 युरो झाले, बटाटे वेगळे असू शकतात. शिंपले, कोळंबी, खेकडा बहुधा असेच वजनावर. वाढपी बर्फावरचा मासा दाखवायला आणतो तेव्हा लाजू नकोस. भाजायच्या आधी वजन करायला लाव आणि आकडा कागदावर लिहून घे. ‘आजचं खास’ तोंडी सांगितलं तर भाव विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. तुला मासे खायचेच आहेत तर फळ्यावरचा ठरलेल्या भावाचा भाजलेला मासा घे: उन्हाळ्यात तारल्यांसारख्या सार्डिन, एरवी बांगड्याचा भाऊबंद कारापाव किंवा दोरादा. सोबत उकडलेले बटाटे आणि सॅलड. मसाला नसतो, जाडं मीठ आणि ऑलिव्ह तेल. पहिल्या घासाला अळणी वाटेल. टेबलावरचं तेल आणि व्हिनेगर सढळ हातानं घाला, ते त्यासाठीच ठेवलेलं असतं.

तनयाचं अवघड आहे, पण अंडं चालतं म्हणून निभेल. ‘मांस नको’ एवढं सांगितलं तर सॅलडवर ट्यूना आणि सँडविचमध्ये हॅम येण्याची दाट शक्यता. अनेकांच्या लेखी ते मांसात मोडत नाही. ‘नांव कोमू कार्न, नें पैश, नें फियांब्र’ असं तिन्हींची नावं घेऊन सांगायचं: मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही. काल्दू व्हेर्द हे हिरव्या पालेभाजीचं प्रसिद्ध सूप, पण त्यात शोरीसूची चकती असते. आपल्या गोव्याच्या चोरीसाचं ते मूळ, डुकराचंच. मटार-अंडी हा पदार्थ नावावरून सोवळा वाटतो, त्यातही शोरीसू असतं. राजम्यासारखी दिसणारी फैज्वादा तर मांसाशिवाय सहसा होत नाही. चालतील असे: भाज्यांचं सूप (मांसाचं पाणी घातलंय का विचारून), टोमॅटोचा भात, आणि ‘पैशीन्युश दा ओर्ता’. या शेवटच्याचं नाव ‘मळ्यातले छोटे मासे’ असं असलं तरी त्या पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा आहेत, फक्त त्याच तेलात मासे तळलेले नाहीत ना ते विचारा. काहीच नसलं तरी कुठलीही ताश्का दोन तळलेली अंडी, बटाट्याच्या तळलेल्या फोडी, भात आणि सॅलड करून देते. मेन्यूत नसलं तरी मागायचं.

बेकरीच्या काचेमागं समोसे दिसतील. नाव ‘शमूसा’. गोवा आणि मोझांबिकमार्गे तिथं पोचलेला पदार्थ, त्रिकोणी, खरपूस, बघूनच हात पुढं जातो. आत बहुधा चिकन किंवा गोमांस असतं. त्याच ओळीतल्या लांबट क्रोकेतीत गोमांस, अर्धगोल रिसोलमध्ये कोळंबी. तनयासाठी ‘तोश्ता द केइजू’, म्हणजे चीजचा भाजलेला ब्रेड. ‘तोश्ता मिश्ता’ म्हटलंत तर हॅम आलंच.

आपल्या चवीचं हवंसं वाटेल तेव्हा मार्तीं मोनीझ स्टेशनला उतरा. शेजारच्या रुआ दू बेंफोर्मोझूवर बांगलादेशी, नेपाळी, भारतीय खानावळी आहेत, डाळ-भात नक्की. उत्तरेकडच्या लुमियार भागात पोर्तुगालच्या हिंदू समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे, या समाजात मोझांबिकमार्गे आलेली गुजराती कुटुंबं बरीच. मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं आणि बाहेरच्यांनाही वाढतात. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा, लांब आहे.

रात्रीचं हलकं ठेवा. पिंगू दोस या सुपरमार्केटच्या मोठ्या शाखांत तयार सूप, भाजलेली कोंबडी, भात, सॅलड मिळतं. शुराश्केरियात ‘मैयू फ्रांगू, पारा लेव्हार’ म्हटलं की अर्धी कोंबडी बांधून मिळते, वरून पिरी-पिरी लावू का विचारतात. हो म्हण. फादू, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं, ऐकत जेवायचा मोह होईल. तिथं कमीत कमी किती युरोंचं खायलाच हवं हे ठरलेलं असतं आणि गाण्याचा आकारही बिलात धरतात. गाणं ऐकायला जरूर जा, स्वस्त जेवण म्हणून जाऊ नका.

पैशांचं थोडक्यात. बऱ्याच छोट्या खानावळींत कार्ड चालतं म्हणतात ते फक्त पोर्तुगीज ‘मुल्तिबांकू’ कार्ड. आपलं व्हिसा तिथं अडतं. बसायच्या आधीच कार्ड दाखवून विचारा आणि दोघींत मिळून चाळीस-पन्नास युरो रोख ठेवा. रोख काढायची ती बँकेच्या भिंतीतल्या मुल्तिबांकू यंत्रातून. पर्यटकांच्या रस्त्यांवरची सुटी यंत्रं मोठं शुल्क घेतात. यंत्रानं ‘रुपयांत घेऊ का’ विचारलं तर नाही म्हणा, युरोच ठेवा. रुपयांचा त्यांचा भाव तोट्याचा असतो. गल्ल्यावर ‘कोंत्रिबुइंत?’ असं विचारतील. तो तिथल्या लोकांचा कर क्रमांक, तुम्ही ‘नांव’ म्हणा. कर मेन्यूच्या भावातच धरलेला असतो, टिप ऐच्छिक आहे. सुटे नाणी ठेवलीत तरी पुरे. बिल कागदाच्या चिठोऱ्यावर खरडून आणलं तर ‘फातुरा’ मागा, ती द्यावीच लागते. न घेतलेलं काही लावलं असेल तर आधी शांतपणे दाखवा. ऐकलंच नाही तर ‘लिव्रू द रेक्लामासोंयश’ मागा. ही तक्रारवही प्रत्येक हॉटेलात ठेवणं सक्तीचं आहे आणि त्यातली तक्रार सरकारी तपास खात्याकडं जाते. बहुतेकदा वहीचं नाव काढताच हिशोब दुरुस्त होतो.

तुम्ही रविवारी संध्याकाळी पोचताय. त्या दिवशी बहुतेक ताश्का बंद असतात, म्हणून पहिल्या रात्री खानावळ शोधत बॅगा ओढू नका. सुपरमार्केट किंवा शुराश्केरिया. सोमवारी ताजा मासा नको, कारण रविवारी फारशा बोटी जात नाहीत आणि मंडईतले कोळ्यांचे ओटेही सोमवारी बरेच रिकामे असतात. त्या दिवशी बाकाल्याव खा, तो खारवून वाळवलेला कॉड, त्याला वार लागत नाही. ‘आ ब्राझ’ पद्धतीचा सांग: बटाट्याच्या बारीक काड्या, कांदा, अंडं आणि माशाचे धागे एकत्र परतलेले. काटा नसतो. मंगळवारपासून सार्डिन.

तुझी,
आई