नाणेघाटाची वाट, दोन दोर आणि एक स्ट्रेचर : आजी-माजी सभासदांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

पत्र घाईत लिहिते आहे, सांभाळून घ्या. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी घाटाची वाट मोकळी करायला निघायचं आहे. म्हणून काल रात्री आपल्या गिरिभ्रमण मंडळाच्या सामानाची मोजदाद केली. सामान सध्या माझ्या घरी दिवाणाखाली असतं, हे बहुतेकांना माहीत आहे. निघालं ते असं : कोयते चार, त्यांतले दोन बिनमुठीचे. घमेली दोन. फावडं एक. पांढऱ्या रंगाचा डबा एक, आतून दगड झालेला. आणि आपला रांजण. रांजणात ३४० रुपये आणि पंचवीस पैशांचं एक नाणं. ते कोणी टाकलं, कधी टाकलं, देव जाणे. बँकेतसुद्धा ते आता घेत नाहीत (मी बँकेतच असते, म्हणून सांगते).

नव्या मुलांना रांजणाची गोष्ट माहीत नसेल. घाटाच्या माथ्यावर दगडाचा रांजण आहे, तो सगळ्यांनी पाहिला आहे, त्याला टेकून फोटोही काढले आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच घाटाने वर जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा, आणि त्याची जकात त्या रांजणात पडायची, असं परंपरेने सांगतात. आपल्या संस्थापकांपैकी एका काकांनी पहिल्याच वर्षी कुंभारवाड्यातून मातीचा छोटा रांजण आणला, त्यावर गेरूने ‘जकात’ असं लिहिलं आणि नियम केला : घाटातून खाली आलेल्याने घरी जाण्याआधी यात काहीतरी टाकायचं. चार आणे टाका, रुपया टाका. मंडळाचा पहिला दोर त्या रांजणातून आला. खरंच आला. तेव्हाच्या वहीत ‘दोर, जकातीतून’ अशी नोंद आहे.

वहीचा विषय निघालाच आहे, तर तीही थोडी उघडते. ज्यांच्या जिवावर हे मंडळ पस्तीसेक वर्षं चाललं त्यांची नावं इथे घातली तर त्यांतले निम्मे माझ्यावर रागावतील, म्हणून नावाशिवाय लिहिते, तुम्ही ओळखालच. रेल्वेच्या वर्कशॉपातले काका रात्रपाळी करून सकाळी सहाच्या एसटीला कल्याण स्टँडवर हजर असायचे. घाटात मेखा लागतील म्हणून स्वतःच्या हाताने ठोकून आणायचे, त्या पिशवीत खणखण वाजायच्या आणि कंडक्टर दर वेळी विचारायचा, “काका, लग्नाची भांडी का?” शाळेतल्या आपल्या बाई निवृत्त झाल्यावर मंडळात आल्या आणि त्यांनी मुलांना ब्राह्मी, म्हणजे लेण्यातल्या लेखांची जुनी लिपी, शिकवली. पाटीवर! दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिराआधी चार शनिवार त्या मुलांकडून अक्षरं घोटून घ्यायच्या. मला अजून आठवतं, घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात गेल्यावर मागच्या भिंतीशी पाचवीतला एक मुलगा उभा होता. तिथल्या सातवाहनांच्या मूर्ती आता नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात आणि वर नावं, त्यांत सातवाहन राजा सिमुकाचंही. भिंतीला हात लावायचा नाही ही बाईंची सक्त ताकीद, म्हणून तो हवेतच बोट फिरवत होता. “सि... मु... क...” आणि मग एकदम ओरडला, “बाई, हा खरा होता!”

बाजारपेठेतल्या भांडीवाल्या शेठनी शिबिराची सगळी पातेली दिली, तीही कधी परत न मागता. मुरबाडच्या डॉक्टरांनी प्रथमोपचाराची पेटी भरून दिली, एकदा नव्हे, दर वर्षी, सलग चौदा वर्षं. घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याचे आपले दादा तर मंडळाचे सभासदसुद्धा नाहीत. पण पावसात कुठली दरड आली, कुठे आग्या मोहोळ बसलं आहे, ओढ्याला पाणी किती आहे, हे सगळं आपल्याला त्यांच्या एका फोनवर कळतं. त्यांच्या घरची भाकरी आणि ठेचा न खाल्लेला सभासद मला दाखवा.

दान देणाऱ्याची नोंद ठेवायची रीत या घाटाला नवी नाही, हेही बाईच सांगायच्या. लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख म्हणजे शेवटी काय, तर यज्ञांची आणि दानाची यादीच : इतक्या गाई, इतके घोडे, हत्ती, इतके कार्षापण (तेव्हाची नाणी). दोन हजार वर्षं होऊन गेली, आकडे अजून कातळावर आहेत. आपल्याकडे कातळ नाही, दोनशे पानी वही आहे. कोणी अकरा रुपये दिले तरी त्यात लिहिलेलं आहे.

आता थोडं कडू. मागच्या वर्षी असंच एक आवाहन मी ग्रुपवर टाकलं होतं. घाटाच्या पायथ्यावरून वर पाहिलं की नानाचा अंगठा हा कडा एकच दिसतो. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर शहात्तर अंगठे उगवले. पैसे चौघांनी दिले. श्रमदानाला नऊ जण आले, त्यांत तीन माझ्याच घरचे. मी त्या वेळी काही बोलले नाही. प्रत्येकाला संसार आहे, हप्ते आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, हे मलाही कळतं. पण पावसाळ्यात दर शनिवारी फोन मात्र येतात : “ताई, वाट चालू आहे ना? आमच्या ऑफिसचे वीस जण आहेत.” वाट आपोआप चालू राहत नाही हो. ऑगस्ट-सप्टेंबरात कारवी माणसाच्या डोक्यावर जाते आणि पावसाने आडवी पडली की खालची पायवाट शोधावी लागते. ढोरवाटा सगळीकडे फुटलेल्या असतात. नवखा माणूस गुरांच्या वाटेने जातो आणि तासाभराने कुठल्या तरी घळीच्या तोंडाशी उभा राहतो. दगडांवरचे आपले पांढरे बाण तिसऱ्या पावसाळ्यात पुसट होतात, चौथ्यात दिसत नाहीत. हे चौथं वर्ष आहे.

यंदा त्यात भर पडली आहे. दुसऱ्या ओढ्यानंतर वाट जिथे डावीकडे वळसा घेते, तो वळसा जुलैत ढासळला. साधारण पंधरा पावलांचा तुकडा. लोकांनी लगेच त्याच्या वरून आडवी वाट पाडली, म्हणजे सगळा घसारा. दादा म्हणाले, “ताई, एक जण गेला की मागच्याच्या डोक्यावर दगड येतोय.” तिथे दगड रचून, खाली बांध घालून जुनी वाट परत जोडायची आहे. हे काम पैशाचं नाही, पाठीचं आहे. बारा-पंधरा माणसं दोन रविवार आली तर होईल. नऊ आली तर होणार नाही, मागच्या अनुभवावरून सांगते.

आणि स्ट्रेचरचं. मागच्या जुलैत आपले पाच जण वाट बघायला गेले होते. मुसळधार पाऊस. पायऱ्यांच्या खालच्या टप्प्यात एक मुलगी बसलेली, घोटा सुजून भोपळा झालेला. पन्नास-साठ जणांच्या जथ्याबरोबर आली होती. जथा पुढे निघून गेला होता, वाऱ्याने पाणी वर उडतं तो उलटा धबधबा पाहायला. तिच्याजवळ एक मैत्रीण आणि चिप्सचं एक पाकीट. आपल्या मुलांनी दोन बांबू तोडून आणले, चादर गुंडाळली, जुन्या दोराचे तुकडे करकचून बांधले आणि तिला खाली फाट्यापर्यंत आणलं. साडेचार तास लागले. दर वीस पावलांना चादर घसरायची. एकाचा खांदा अजून दुखतो. रस्त्यावर आल्यावर तिने विचारलं, “तुम्ही कुठल्या कंपनीचे?” आपल्या पोराने सांगितलं, कंपनी नाही, मंडळ आहे. तर म्हणाली, “मग तुम्हाला पैसे कोण देतं?” तिचा प्रश्न भाबडा होता, पण मी तो तसाच तुमच्याकडे पाठवते आहे.

दोरांबद्दल दोन शब्द, कारण “आहेत ना दोन दोर, मग नवे कशाला?” हे मला तीन जणांनी विचारलं. दोर दिसायला चांगलाच दिसतो. पण नायलॉनला वय असतं. नुसता कपाटात ठेवला तरी दहा वर्षांच्या वर त्यावर जीव टांगायचा नसतो. आपले दोन्ही दोर अकरा वर्षांचे. मागच्या महिन्यात आम्ही दोघी-तिघींनी अंगणात बसून पहिला दोर हाताच्या चिमटीतून पूर्ण सरकवला. साधारण मध्यावर बोटांना जाणवलं : कवच पोकळ, आत गाभा चपटा, तिथे दोर वाकवला की काटकोनात मोडतो. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्याच दोरावर उन्हाळ्यात मुंब्र्याच्या कड्यावर आठवीतली मुलं उतरली होती. माझ्या हातापायांतलं बळ गेलं. तिथल्या तिथे कात्री मागवून दोराचे तुकडे केले, नाहीतर कोणीतरी ‘चालेल एवढ्यापुरता’ म्हणून नेलाच असता. (तुकडे कपडे वाळत घालायला फुकट मिळतील. आमच्या इमारतीत तीन गॅलऱ्यांत लागले आहेत.) दुसरा दोर अजून धड आहे, पण वयाने तोही बादच. म्हणजे आज मंडळाकडे वापरता येईल असा एकही दोर नाही, आणि ज्या मंडळाच्या पोरांनी एके काळी जीवधन किल्ल्यालगतचा वानरलिंगी सुळका चढला त्या मंडळाच्या कार्यवाहाने हे लिहायचं, म्हणजे काय वाटतं ते ज्येष्ठ समजू शकतील.

मधे एक सांगायचं राहिलं. २०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आपला शिवनेरी त्यांत. पेढे आपणही वाटले. पण शिवनेरीच्या पायथ्याच्या जुन्नरला ज्या वाटेने सारं वैभव चढून गेलं, त्या वाटेवर दर पावसाळ्यानंतर आपण पाच-सहा पोती बाटल्या, वेष्टनं आणि फाटके रेनकोट उचलतो, आणि तेवढ्यापुरती कोणाची यादी लागत नाही. लेणं हे संरक्षित स्मारक आहे. तिथे खिळा नाही, रंग नाही, बाणसुद्धा नाही, हा आपला पहिल्यापासूनचा दंडक आहे आणि तो मोडणाऱ्याला मी ओळखत नाही. आपलं काम खालच्या वाटेचं.

आता खर्च, एका दमात लिहिते : ५० मीटरचे ११ मिलिमीटर जाडीचे दोन दोर २४,००० रुपये, घडीचं स्ट्रेचर १८,०००, चार हार्नेस आणि दहा हेल्मेट मिळून २५,०००, अवजारं आणि रंग ६,०००, फाट्यावर आणि दोन्ही ओढ्यांजवळ मिळून पाच फलक १२,०००, सामानासाठी खोली दरमहा २,५०० प्रमाणे वर्षाचे ३०,०००. (जुनी खोली इमारत पाडायला काढल्यामुळे गेली, दिवाण किती दिवस पुरणार.) एकूण १,१५,०००. शिल्लक २१,६००. हवे आहेत ९३,४००. ज्यांना एवढं सगळं वाचायचा कंटाळा आला त्यांनी फक्त ‘एक हेल्मेट’ असं लिहून १,००० पाठवले तरी पळेल.

पैसे मंडळाच्या नेहमीच्याच खात्यात. क्रमांक पावतीच्या मागे छापलेला आहे, पावती हरवली असेल तर मला किंवा खजिनदारांना फोन करा, रात्री नऊनंतर. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय सोडू नका, अगदी माझ्याकडूनसुद्धा. आयकराची सवलत मिळत नाही, आधीच सांगते. दोरांची मागणी दिवाळीच्या शिबिराआधी नोंदवायची आहे, तेव्हा जे द्यायचं ते दसऱ्यापर्यंत. वस्तू द्यायच्या असतील तर आधी विचारा. वापरलेले दोर आणि हेल्मेट कृपया देऊ नका, कितीही प्रेमाने ठेवलेले असले तरी. श्रमदान दसऱ्यानंतरचे पहिले दोन रविवार, सकाळी पावणेसहाला कल्याण एसटी स्टँड, माळशेजकडे जाणाऱ्या गाडीने नाणेघाट फाटा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, दोन लिटर पाणी, डबा आपापला. अत्तर, सेंट लावून येऊ नका, मोहोळं आहेत. विडी-सिगरेट त्याच कारणाने अजिबात नाही. वनखात्याला पत्र दिलेलं आहे. ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत त्यांनी फाट्यावर बसून चहा करावा, ते कामही कोणीतरी करावंच लागतं आणि गेल्या वर्षी ते कोणी केलं नाही.

बाई यंदा ऐंशीच्या घरात आहेत. परवा फोन केला होता. “मी वर येणार नाही, पण शिबिराच्या मुलांना माझ्याकडे पाठव, पाट्या आहेत अजून,” म्हणाल्या. शिबिर होणार, असं मी त्यांना सांगून टाकलं आहे.

आपली,
कार्यवाह
(यंदाही मीच. निवडणूक जाहीर केली होती, अर्ज आला नाही.)

ता. क. : मोठी पहार मे महिन्यातल्या श्रमदानानंतर कोणाच्या तरी गाडीच्या डिकीत गेली, ती आलीच नाही. वर्कशॉपातल्या काकांनी केलेली आहे, मुठीजवळ त्यांच्या हातचा आकडा कोरलेला आहे. कोणाला काही विचारणार नाही, रात्री गुपचूप माझ्या दारात ठेवून गेलात तरी चालेल.