वासोट्यावरचे बदाम

महोदय,

आम्ही चौघे मित्र नुकतेच तीन दिवस भटकून आलो. सज्जनगड, बामणोलीत मुक्काम, मग कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे आणि जंगलातून वासोटा किल्ला. छातीवरची चढण, पन्नाशीतल्या गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बाबुकडा दिसला आणि सगळं फिटलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या, त्यातून उरलेत वाड्याची जोती आणि बिनछपराचं मारुती मंदिर. त्याच दगडांवर आता कोळशाने, कुठे खिळ्याने कोरलेली नावं अन् बदाम! जंगलात शिरताना आमच्या पिशव्यांतलं प्लॅस्टिक तपासलं, उत्तमच. पण खिळे कोण तपासणार? सुट्टीच्या दिवशी तरी वाड्यापाशी एक पहारेकरी नेमावा, शिवाय त्या तोफांची हकीकत सांगणारा फलकही.

– एक वाचक, सातारा